बेड चालू स्थितीत आहे

काकू गेल्यावर घरातल्या बाकीच्या वस्तू हळूहळू आपापल्या जागी परतल्या. औषधांच्या बाटल्यांनी अडवलेलं टेबल मोकळं झालं, भाड्याने आणलेलं ऑक्सिजनचं मशीन ज्याचं होतं तो घेऊन गेला, खुर्च्या भिंतीला लागल्या. हॉलच्या मधोमध राहिला तो बेड. लोखंडी, पांढऱ्या रंगाचा, दोन्ही बाजूंना कठडे आणि पायथ्याशी दोन हँडलं असलेला. एक हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर यायची, दुसरं फिरवलं की पायांची. घरात शिरणारा प्रत्येक माणूस आधी त्याला अडखळायचा आणि मग काकांचं सांत्वन करायचा.

काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. बिल्डिंगमध्ये त्यांना बंदकाका म्हणत. नाव पोरांनी ठेवलं होतं आणि त्यात काही चूक नव्हती. नळ बंद करा, दिवा बंद करा, गाडी बंद करा, एवढ्या तीन वाक्यांवर काकांचा शेजारधर्म चालायचा. दाढीचं पाणी झाडांना, भाजीचं पाणी झाडांना, झाडांना नको असेल तरी झाडांना. सदऱ्याची कॉलर झिजली की ती उलटवून शिवायची, प्लॅस्टिकची पिशवी धुऊन दोरीवर चिमट्याने वाळत घालायची. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी रिकाम्या खोलीतला पंखा बंद करूनच यायचे. चेअरमनच्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी असाच एका रिकाम्या खोलीतला एसी बंद केला. खोली रिकामी नव्हती, तिच्यात केक होता. त्या संध्याकाळी सगळ्यांनी केक वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला आणि चेअरमननी पुढे कित्येक महिने काकांना लिफ्टमध्ये ओळख दिली नाही.

काकू या सगळ्याला हसायच्या. "ह्यांना वाटतं, धरणाची चावी आपल्याच खिशात आहे," असं म्हणून मुकाट्याने पिशव्या धुवायच्या.

मग त्या आजारी पडल्या, आणि ज्या घरात एक पिशवी वर्षभर चालायची त्या घरात रोज पिशव्या भरभरून कचरा निघू लागला. हातमोजे, नळ्या, सुया, डायपर, पावडरीचे डबे, प्रत्येक गोष्ट एकदा वापरायची आणि फेकायची. एसी दिवसभर, मशीन दिवसभर, हवेच्या गादीचा पंप दिवसभर. काका त्या पिशव्या घेऊन खाली जायचे ते इकडेतिकडे बघत, चोरासारखे. त्या सगळ्या काळात त्यांनी कोणालाही काहीही बंद करायला सांगितलं नाही. आणि शेवटी नर्सने हलकेच 'काका, आता मशीन बंद करायला हरकत नाही' असं म्हटलं, तेव्हा जन्मभर दुसऱ्यांची बटणं बंद करत आलेला हा माणूस बटणाकडे बघत नुसता उभा राहिला. बंद नर्सनेच केलं.

म्हणूनच काकांनी मनाशी धरलं की जे वाया गेलं ते गेलं, निदान हा बेड वाया जाऊ द्यायचा नाही. कोणातरी गरजूच्या घरी तो गेला पाहिजे. वस्तू धडधाकट आहे, जगात आजारी माणसांचा तुटवडा नाही, तेव्हा दोन-चार दिवसांचं काम, असा त्यांचा हिशेब होता. सरकारी खात्यात आयुष्य काढूनही माणूस इतका भाबडा कसा राहतो, हा वेगळा विषय आहे.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. तिने फोनवर सांगून टाकलं की बाबा, भंगारवाल्याला द्या आणि मोकळे व्हा. काका दुखावले. चालत्या वस्तूला भंगार म्हणणं म्हणजे जिवंत माणसाचा फोटो हार घालून भिंतीवर लावण्यासारखं आहे, असं काहीतरी ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

शेजाऱ्यांनी मात्र मनापासून मदत केली, म्हणजे सल्ले दिले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, वृद्धाश्रमात विचारा. वृद्धाश्रमवाल्यांनी विचारलं, रंग कोणता? पांढरा म्हटल्यावर म्हणाले, आमच्याकडचे सगळे निळे आहेत. चेअरमनचं मत पडलं की दुकानदाराकडेच जा, तो परत घेईल. काका दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि परत घेता येत नाही हे अत्यंत मायेने सांगितलं. 'पण एक्स्चेंजमध्ये नवा देऊ शकतो, रिमोटवाला,' तो म्हणाला. पेशंट नाही, हे काकांनी सांगितलं. त्यावर दुकानदाराने एकवार काकांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, 'कधीतरी लागतोच की.'

एका धर्मादाय रुग्णालयाने होकार दिला तेव्हा काकांना आकाश ठेंगणं झालं. फक्त अर्ज हवा होता. अर्ज झाल्यावर खरेदीची पावती, पावती झाल्यावर बेड वापरायला योग्य असल्याचा कंपनीच्या तंत्रज्ञाचा दाखला. तंत्रज्ञ फोनवर म्हणाला की हे मॉडेल बंद झालंय, आता त्याचा दाखला देता येत नाही. काकांनी विचारलं, बेड तर चालू आहे, मग बंद काय झालं? तंत्रज्ञ म्हणाला, मॉडेल. काका हा फरक समजून घ्यायला पुन्हा रुग्णालयात गेले. तिथल्या कारकुनाला त्यांची दया आली आणि तो त्यांना इमारतीच्या मागच्या बाजूला घेऊन गेला.

तिथे बेडच बेड होते. एकावर एक रचलेले, पाय वर केलेले, कठडे मोडलेले, काही तर प्लॅस्टिकचं वेष्टणही न काढलेले. त्यांच्या सांगाड्यांतून वेली वर चढल्या होत्या. एका बेडच्या उशाशी मांजरीने पिल्लं घातली होती, आणि त्या सगळ्या आवारात बेडचा उपयोग करणारी ती एकटीच. कारकून म्हणाला, यांच्या निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून नाव काढायची, मंजुरी आली नाही, त्यामुळे हे दुरुस्तही करता येत नाहीत, काढूनही टाकता येत नाहीत. बाहेरचा एखादा माणूस असता तर संतापला असता. काकांना संतापताही येईना. खात्यात असताना पाण्याच्या मीटरांचा असाच एक ढीग त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं सांभाळला होता. ते निमूट मांजरीच्या पिल्लांकडे बघत राहिले आणि घरी परतले.

मग मुलीलाच दया आली. तिने मोबाइलवर जाहिरात टाकायचं ठरवलं आणि फोटो मागितले. जाहिरातीत लिहायचं होतं, 'बेड चालू स्थितीत आहे.' हे वाक्य खोटं ठरू नये म्हणून काकांनी आधी तपासणी करायचं ठरवलं. हँडल फिरवून डोक्याची बाजू वर केली, पायांची बाजू वर केली, आणि मधल्या खाचेत पेशंटला आराम वाटतो की नाही हे बघायला स्वतः आडवे झाले. बेडने त्याच क्षणी आतून कुठेतरी 'खट' असा आवाज केला. डोक्याकडची फळी आणखी थोडी वर आली, आणि काका पाकिटात घातलेल्या कागदासारखे मधोमध दुमडले गेले. हँडलं पायथ्याशी, हात कठड्यात, गुडघे हनुवटीशी. मोबाइल टेबलावर, आणि त्यावर मुलगी पुन्हा पुन्हा फोन करत होती की फोटो का आले नाहीत.

काका ओरडले नाहीत. मदतीसाठी ओरडायचं तर काय म्हणून ओरडायचं, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी "कोणी आहे का?" असं दारावर आलेल्या पाहुण्याच्या सुरात विचारलं. समोरच्या वहिनींकडे घराची किल्ली असायची. त्या आल्या, त्यांनी पाहिलं आणि तोंडाला पदर लावून चेअरमनना बोलवायला गेल्या. चेअरमननी दोन्ही हँडलं जोर लावून उलटी फिरवली आणि काका आणखी थोडे दुमडले.

त्यांना सोडवलं ते तळमजल्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने. हा माणूस म्हणजे काकांचा जुना वैरी. त्याच्या शिकाऊ गाड्या काकांच्या खिडकीखाली इंजिन चालू ठेवून उभ्या असायच्या आणि काका वरून 'गाडी बंद करा' असं ओरडायचे. त्यावर तो जी गाडी बंद असेल तीही चालू करायचा. पण त्या दिवशी तो गाडीचा जॅक घेऊन वर आला, बेडखाली सरपटत शिरला आणि काकांना अलगद सरळ केलं. एवढंच नाही, तर निसटलेला दात्यांचा स्क्रू बसवून, ग्रीस लावून त्याने दोन्ही हँडलं अशी करून दिली की एका बोटाने फिरावीत. जाताना म्हणाला, मस्त मजबूत बेड आहे काका, आजकाल असं लोखंड मिळत नाही. काकांनी त्याला चहा पाजला. त्यानंतर काही दिवस खिडकीखाली गाड्या बंद असायच्या.

जाहिरातीला उत्तरं पुष्कळ आली. एकजण येऊन माप घेऊन गेला आणि दरवाजा लहान आहे म्हणाला. एक बाई येऊन बेड बघून, काकांनी केलेला चहा पिऊन, 'ह्यांना विचारून सांगते' म्हणाल्या आणि त्यांच्या ह्यांनी कधीच काही सांगितलं नाही. आलेला प्रत्येक माणूस बेडचं कौतुक करायचा. मग सहज विचारावं तसं विचारायचा, 'कोणासाठी आणला होता?' काका सांगायचे. 'मग आता कशा आहेत?' काका तेही सांगायचे. त्यानंतर दरवाजा लहान निघायचा, किंवा भिंत आखूड, किंवा जिना अरुंद. आपल्या शहरात एवढी अडचणीची घरं आहेत हे काकांना इतकी वर्षं नळ जोडून देतानाही कळलं नव्हतं.

तेवढ्यात ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचे वडील न्हाणीघरात पडले. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आणायचं ठरलं. काकांना वाईट वाटलं हे खरं, पण त्या वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी त्यांना सुटल्यासारखंही झालं. त्यांनी बेड ओल्या फडक्याने पुसून काढला. गादीचं कव्हर धुऊन, वाळवून पुन्हा चढवलं. स्वतः होऊन सांगायला जाणं बरं दिसत नाही, तो येईलच विचारायला, म्हणून घरात बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली टेम्पो आला. काकांनी खिडकीतून पाहिलं. खोक्यात, फोममध्ये आणि फोमवर पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक बेड उतरत होता. लोखंडी, पांढरा, दोन्ही बाजूंना कठडे. नवा. वेष्टण फाडून फाडून त्याचा कमरेएवढा ढीग फाटकाशी जमला.

काका खाली गेले. त्यांना भांडायचं नव्हतं, फक्त कारण हवं होतं. इथे दरवाजा लहान असण्याचा प्रश्न नव्हता, कारण तसलाच बेड त्यांच्या डोळ्यांदेखत आत गेला होता. ड्रायव्हिंग स्कूलवाला त्यांना बघून चरकला. आधी म्हणाला, भावाने परस्पर मागवला. मग म्हणाला, तुम्हाला त्रास कशाला. काका हललेच नाहीत, तेव्हा तो त्यांना बाजूला घेऊन गेला आणि खाली बघत बोलला.

"काका, राग मानू नका. बेड चांगलाच आहे, मीच दुरुस्त केलाय. पण काकू त्याच्यावर गेल्या. आमच्या वडिलांना अजून बरं व्हायचंय."

काकांना ते सगळे अरुंद जिने एकदम आठवले. इतके दिवस सगळं शहर त्यांच्याशी अदबीने खोटं बोलत होतं, आणि त्यांना तेवढं कळलं नव्हतं.

"ती बेडवर गेली नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी सकाळी म्हणाली, मला खिडकीशी बसवा. मी आणि नर्सने उचलून खुर्चीत बसवलं. ती खुर्चीत गेली. बेडवर नाही. बेडला काही झालेलं नाही."

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, मुलीलासुद्धा नाही. त्या सकाळी काकूंनी खिडकीतून काय पाहिलं, त्या काय बोलल्या, हे सगळं त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं होतं. आणि आता ते फाटकाशी, प्लॅस्टिकच्या ढिगाशेजारी उभे राहून बेडची हमी द्यावी तसं ते सांगत होते. तोंडातून शब्द गेल्यावर त्यांचे कान तापले. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. शेवटी काकांनीच हात सोडवून घेतला, वडिलांची चौकशी केली आणि जिना चढून वर आले. लिफ्टने नाही. वीज वाचवायला नव्हे, लिफ्टमध्ये चेअरमन होते म्हणून.

त्या आठवड्यात मुलगी आली. वहिनींनी तिला फोनवर काय सांगितलं होतं कोण जाणे, ती आली तीच सगळं निस्तरायच्या तयारीने. एका माणसाच्या घरात दोन बेड, एक आत आणि एक हॉलमध्ये आडवा, हे चालणार नाही म्हणाली. भंगारवाल्याला उद्या बोलावते.

काका म्हणाले, "बरोबर आहे. एका माणसाला एकच बेड पुरे. आतला पलंग जाऊ दे."

आतला पलंग म्हणजे काका-काकूंचा. लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेली पहिली मोठी वस्तू, सागवानी, इतका जड की घर बदलताना हमाल त्याला शिव्या घालत. मुलगी बघतच राहिली. आईचा पलंग देऊन टाकणार आणि हा ठेवणार? काकांनी तिला समजावलं की यात भावनेचा प्रश्न नाही. हा बेड दुसरं कोणी वापरणार नाही, तेव्हा तो आपणच वापरला तरच वाचेल. पलंग कोणीही वापरेल. आणि दोघांच्या पलंगावर एकट्याने झोपणं म्हणजे रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवणं. हे शेवटचं वाक्य त्यांनी विनोद म्हणून म्हटलं होतं. मुलगी हसली नाही. उठून दुसऱ्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बेडला जे महिनाभर जमलं नाही ते पलंगाला एका सकाळीत जमलं. वहिनींनी भाचीसाठी मागितला. चेअरमन, ज्यांना केक विसरता आला नव्हता, ते पाहुण्यांच्या खोलीसाठी विचारायला स्वतः आले. शेवटी तो सर्वांत वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या जोडप्याला मिळाला, कारण ती दोघं जमिनीवर गादी टाकून झोपत होती. त्या जोडप्यातली बायको हात फिरवून लाकूड बघत होती. तिने विचारलं, यावर कोण झोपायचं? "आम्ही दोघं," काका म्हणाले, "लग्न झाल्यापासून." तिने नवऱ्याकडे बघितलं आणि आनंदाने म्हणाली, मग हा चांगल्या गुणाचा पलंग आहे. काकांनी हो म्हटलं. खरंच होता.

पलंग सुटा होऊन दारातून गेला. जिन्याच्या वळणावर माणसं 'जरा तुमच्या बाजूला' म्हणत राहिली, वरचं दार लागलं, आणि आतली खोली इतकी मोठी दिसू लागली की काकांनी तिचं दार ओढून घेतलं.

दुपारी जेवण झाल्यावर मुलगी म्हणाली, पडा जरा, मी मागचं आवरते. काका प्रथमच त्या बेडवर झोपायच्या इराद्याने आडवे झाले. एका बोटाने हँडल फिरवून डोक्याची बाजू त्यांनी काकूंना लागायची तेवढी वर करून घेतली होती. तो कोन त्यांच्या हाताला पाठ होता. तिथून खिडकी दिसत नव्हती. वरचा पंखा दिसत होता, भिंतीवरचा डाग दिसत होता, आणि समोर कपबश्यांच्या कपाटाची काच.

काचेत स्वयंपाकघर दिसत होतं. दारातून दिसतं तेवढंच नव्हे, तर दारामागचा, फ्रिज आणि भिंत यांच्यामधला कोपरासुद्धा. त्या कोपऱ्यात मुलगी उभी होती. कपाळ भिंतीला टेकलेलं, तोंडावर हात घट्ट दाबलेला, खांदे हलत होते. आवाज अजिबात येत नव्हता.

काका उठायला गेले आणि थांबले. तो कोपरा त्यांचा होता. आजारपणाच्या त्या सगळ्या महिन्यांत, पाणी आणतो, औषध आणतो, दूध बघतो असं सांगून ते तिथेच जाऊन उभे राहायचे. असेच, कपाळ भिंतीला टेकवून. घरात तेवढी एकच जागा होती जिथे काकूंना आपण दिसत नाही, अशी त्यांची खात्री होती. आणि दर वेळी, अगदी बांध फुटायच्या बेताला, काकूंची हाक यायची. अहो, पाणी देता का? अहो, उशी सरकलीये. अहो, चहा झाला का? ते घाईघाईने तोंड पुसून बाहेर यायचे. एकदा तर चिडले होते की तुला नेमकी आत्ताच कशी तहान लागते. काकू पेला हातात घेऊन एक घोट प्यायल्या होत्या, आणि तेवढ्यासाठी काका त्यांच्याजवळ बसले होते.

काका काचेकडे बघत राहिले. त्यांना काचेतल्या मुलीचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती. खांदे आता जोरात हलायला लागले होते.

त्यांनी घसा साफ केला आणि जमेल तितक्या रोजच्या आवाजात हाक मारली.

"अगं, चहा झाला का?"

काचेत ती दचकली. तिने ओढणीने दोन्ही डोळे पुसले, नाक पुसलं, केस मागे घेतले.

"टाकतेच आहे बाबा," ती म्हणाली.

"इथे माझ्याजवळ घेऊन ये," काका म्हणाले. "आणि तुझाही आण."